क्लाउड नव्हे, तिसरा मजला

आमच्या सर्व्हरची हार्ड डिस्क अजून अर्ध्याहून जास्त रिकामी आहे. किश्शांची जागा मात्र केव्हाच संपली! गुरुवारी चार माणसं जमली की एखादा नवा किस्सा होतोच, आणि जुना कोणीतरी मीठमसाला लावून पुन्हा सांगतं. सरपोतदारकाका तर दरवेळी शेवट बदलून सांगतात. म्हटलं, त्यांची आवृत्ती गावभर होण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

आधी ओळख करून देते. मी मीनल. बडोद्याजवळच्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. म्हणजे प्लँटमधले दाब आणि तापमान दाखवणारे काटे खरं बोलताहेत की नाही, ते तपासायचं. खोटं बोलणाऱ्या यंत्राची मला उपजतच चीड आहे.

बडोद्यातल्या घडियाळी पोळमध्ये, म्हणजे तोंडाशी एकच दरवाजा असलेल्या जुन्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर नलिनीकाकू राहतात. त्यांचे यजमान वसंतकाका शाळेत शिक्षक होते, पण जीव सगळा गाण्यात. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे बैठक असायची. हार्मोनियमवर सरपोतदारकाका, जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले. तबल्यावर हर्षदभाई, मांडवीत विजेच्या सामानाचं दुकान, आणि मराठी आमच्यापेक्षा मोठ्याने बोलणारे. मी तानपुऱ्यावर, कारण मला गाता येत नाही.

काकू आत खिचडीचा कुकर चढवून बाहेर येऊन बसायच्या. गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. काकू पंखा वाढवायचा असला तरी बोटानेच खूण करायच्या. हा नियम फक्त एका माणसाला लागू नव्हता. खुद्द वसंतकाकांना!

या बैठकांची रेकॉर्डिंग आम्ही अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या साइटवर ठेवत होतो. फुकट होतं, सोपं होतं. आणि तिथेच आमचं चुकलं.

*

वसंतकाका गेले त्याच्या आदल्या गुरुवारी ते मुलतानी राग गायले होते. तसा मुलतानी मी पुन्हा ऐकला नाही. काका गेल्यावर काकू रोज संध्याकाळी फोनवर तेवढंच लावायच्या, आणि मग देवापाशी दिवा.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी फोनवर मुलतानीऐवजी एक करडी पाटी आली. कंपनीच्या यंत्राने ऐकून ठरवलं होतं की हा आवाज कुठल्यातरी रेकॉर्ड कंपनीच्या गायकाचा आहे, आणि आम्ही तो चोरून ठेवलाय. खातं बंद. अकरा वर्षांचे गुरुवार एका फटक्यात कुलुपात!

दुसरी प्रत कोणाकडे होती? आमच्यापैकी कोणाकडेच नाही. प्लँटमध्ये प्रत्येक पंपाशेजारी दुसरा तयार पंप आहे की नाही हे बघून सही करणारी मी, माझ्याकडेसुद्धा नाही. मला रडू आलं आणि रागही आला. रागच जास्त.

मी तक्रारीचा फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न होता, ‘या आवाजाशी तुमचा संबंध काय?’ खाली पर्याय : मालक, परवानाधारक, प्रतिनिधी, इतर.

मी काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “इतरवर खूण कर. आणि खाली लिही, एकेचाळीस वर्षं याच आवाजात मी ‘चहा झाला का’ हे ऐकलंय. त्यांच्या गायकाला एकदा तरी मी चहा दिलाय का, ते विचार!”

मी तसंच्या तसं लिहून पाठवलं. चार मिनिटांत उत्तर आलं : आपली विनंती काळजीपूर्वक तपासण्यात आली. आवाज आपला नाही.

“चार मिनिटांत?” सरपोतदारकाका म्हणाले. “मुलतानीचा नुसता विलंबित बेचाळीस मिनिटांचा आहे! ऐकला कधी यांनी?”

*

पुढच्या गुरुवारी हर्षदभाई एक जुना ऑफिसचा कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले. घामाघूम होऊन म्हणाले, “काकू, टेन्शन नका लेऊ. आता आपलं गाणं आपल्या घरात. कोणाच्या बापाची परमिशन नाय!”

त्या कॉम्प्युटरचा मी सर्व्हर केला. त्याला सगळे ‘डबा’ म्हणू लागले. तो तानपुऱ्याच्या शेजारी फळीवर बसला. पुण्याचे, टोरांटोचे, कुठकुठले बडोदेकर जुने पेनड्राइव्ह आणि कॅसेटी शोधू लागले, आणि हळूहळू वसंतकाका डब्यात जमा व्हायला लागले. भूप आला, बागेश्री आली, एका लग्नातलं मंगलाष्टकसुद्धा आलं. मुलतानी तेवढा आला नाही. तो फक्त त्या कुलुपात होता.

बाहेरगावच्या लोकांना डब्यापर्यंत यायला मी एक खासगी वाट करून दिली. इंटरनेटच्याच रस्त्याखालून जाणारा बोगदा म्हणा ना. आत कोण जातंय, काय ऐकतंय, ते रस्त्यावरच्या कोणाला दिसत नाही. शिवाय इंदूर, तंजावर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी आपल्यासारखेच छोटे डबे चालवणारी मराठी माणसं सापडली. प्रत्येकाचा डबा वेगळा, नियम वेगळे, पण एकमेकांशी बोलता येतं. वर मालक कोणी नाही.

हे सगळं काकूंना कसं समजवायचं याची मी तयारी करून गेले होते. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, “म्हणजे पोळच की! आपला दरवाजा आपण लावायचा, आणि शेजारच्या पोळमधल्याशी गॅलरीतून बोलायचं. यात नवीन काय आहे?”

*

पहिलं मोठं संकट आलं ते उत्तरायणात. सरपोतदारकाकांचं घर समोरच्याच रांगेत. डब्याची रोजची एक प्रत त्यांच्याकडे आपोआप जावी म्हणून हर्षदभाईंनी दोन गच्च्यांमधून केबल ओढली होती. मी विचारलंही होतं, “हर्षदभाई, केबल जरा खाली बांधायची का?” ते म्हणाले, “मीनलबेन, तीस वर्षं वायरिंग करतो मी.”

चौदा जानेवारीला सकाळी सगळं बडोदं गच्चीवर. आम्हीही होतो. अकराच्या सुमाराला शेजारच्या गच्चीवरच्या एका काकांचा मांजा आमच्या केबलला अडकला. त्यांना वाटलं, समोरून कोणीतरी जबरदस्त पेच लावलाय. ते ढील देईनात. ओढत राहिले. त्यांचा सगळा गोतावळा मागून ‘खेंच, खेंच’ करायला लागला. आणि केबल मुळासकट उपटून आली!

सगळी गच्ची एका सुरात ओरडली, “काप्यो छे!” थाळ्या वाजल्या, पिपाण्या वाजल्या.

हर्षदभाई कठड्यावर चढून किंचाळले, “अल्या, पतंग नथी काप्यो! आखी बैठक कापी नाखी!”

त्या काकांनी गुंडाळी करून केबल परत दिली. दिली, पण अर्धी. उरलेली अजून त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आहे.

*

यानंतरचा किस्सा खंडेनवमीचा. मी ड्यूटीवर होते. कंट्रोल रूममध्ये फोन नेता येत नाही. चहाला बाहेर आले तर फोनवर चौदा मिस्ड कॉल. पुणे, टोरांटो, तंजावर, पुन्हा पुणे. डबा बंद! मी काकूंकडे फोन लावला, तो उचलला सरपोतदारकाकांनी.

“काका, डबा बंद पडलाय!”

“पडलेला नाही. बंद केलाय.”

“का?”

“आज खंडेनवमी. हार्मोनियम, तबला, तानपुरा, डबा, सगळ्यांची पूजा केली. आज अवजाराला हात लावायचा नाही.”

“अहो काका, सर्व्हर आहे तो! तो बंद करायचा नसतो!”

“का? तुमच्या रिफायनरीत पूजा करत नाहीत?”

“करतो की! पण पूजा करतो म्हणून प्लँट बंद करत नाही!”

मग काका गंभीर आवाजात म्हणाले, “मग त्या पूजेला काही अर्थ नाही. तुमच्या साहेबांना सांग.”

दसऱ्याला डबा सुरू केला तर पंख्यातून टकटक टकटक. उघडून बघते तर अक्षता! मी ब्रशने एकेक दाणा काढत होते आणि बोलत होते, तर काकूंनी मलाच दटावलं. “अगं, अकरा वर्षं त्या कंपनीचं दुकान एक दिवस बंद नव्हतं. शेवटी काय दिलं? डब्याला वर्षातून एक दिवस सुटी मिळू दे.”

आता डब्याच्या पहिल्याच पानावर सूचना आहे : खंडेनवमीला डबा विश्रांती घेतो, चौकशी करू नये. टोरांटोच्या एका बाईंनी खाली लिहिलंय, ‘आमच्या ऑफिसला कळवू का?’

*

पासवर्डचा किस्सा सांगताना मी जरा सांभाळून सांगते, कारण त्यात माझीच फजिती आहे.

प्लँटमध्ये आमचं सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग झालं. पासवर्ड कागदावर लिहिणं म्हणजे घराची किल्ली दाराला टांगणं, असं तिथल्या तज्ज्ञाने सांगितलं. आमच्या डब्याचा पासवर्ड ठरवायचं आणि सांभाळायचं काम सरपोतदारकाकांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. त्याच संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले, तर कालनिर्णयाच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, सरपोतदारकाकांच्या हातचं काहीतरी लिहिलेलं.

“काका, हा डब्याचा पासवर्ड आहे का?”

“हो.”

“असा उघड्यावर? भिंतीवर?”

“मग वाच की.”

मी जवळ जाऊन पाहिलं. एका आडव्या रेघेला लोंबणारी वळणंच वळणं. काकांनी पासवर्ड मोडीत लिहिला होता! दफ्तरखान्यात त्यांनी उभा जन्म मोडी कागद वाचण्यात घालवला.

“येतंय का वाचता?” काका मिशीत हसले.

“नाही.”

“मग चोरालाही नाही येत. बस खाली.”

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्याच महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून तसाच, आणि त्याच आठवड्यात डब्याची डिस्क उघडायला तो पासवर्ड हवा झाला. काकांना तो पाठ नव्हता. “पाठ करायचा असता तर लिहिला कशाला असता?” असा त्यांचा उलटा सवाल! तर काका खुर्चीत डोळे मिटून बसलेले, मी कॅलेंडरसमोर उभी, आणि आमचा संवाद असा : “पहिल्या अक्षराला पोट आहे का?” “आहे.” “पोटाला शेपटी?” “आहे, पण डावीकडे.” “मग ते पोट नव्हे.”

दीड तास लागला. तेव्हापासून दर रविवारी मी काकांकडे मोडी शिकायला जाते. सर्व्हरची ॲडमिन व्हायला मोडी शिकावी लागलेली जगात मी एकटीच असेन!

*

अलकापुरीतल्या एका ऑफिसातून एक तरुण सेल्समन हर्षदभाईंच्या दुकानात आला होता. डेटा साठवायची सेवा विकत होता. हर्षदभाई म्हणाले, डेटावाल्या मॅडमला भेटा, आणि त्याला थेट काकूंसमोर आणून बसवलं. बिचारा तीन मजले चढून आला होता, टायसकट.

काकूंनी पाणी दिलं. तो गुजरातीत सुरू झाला, “माजी, तमारो बधो डेटा अमारा क्लाउडमां एकदम सेफ रहेशे.”

“ए क्यां आव्युं?” काकूंनी विचारलं. कुठे आलं ते?

“ए तो... क्लाउडमां.”

“हा, पण कया गाममां?”

तो गोंधळला. टॅबवर काहीतरी बघितलं. मग हसून म्हणाला, “माजी, एवुं ना होय. ए तो बधे होय.” असं एक गाव नसतं, ते सगळीकडे असतं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “बधे तो भगवान होय, बेटा. अने एनाय पूजारीनुं घर मने खबर छे.”

सगळीकडे तर देवही असतो, पण त्याच्या पुजाऱ्याचं घर मला माहीत आहे! पोराने टॅब बंद केला. मग काकूंनी त्याला फळीवरचा डबा दाखवला, वसंतकाकांचा भूप ऐकवला आणि खिचडी वाढली. जाताना तो हळूच मला म्हणाला, “दीदी, घरी असा डबा करायला काय काय लागतं?”

*

ग्वाल्हेरशी आमचं युद्ध झालं ते खिचडीवरूनच.

तिथल्या डब्यावरच्या कोणा एकाने लिहिलं, ‘बडोद्यात लोक बैठकीला गाणं ऐकायला जातात की खिचडी खायला?’ खाली पाच-सहा जणांनी हसून घेतलं. सरपोतदारकाकांचा पारा चढला. त्या गुरुवारी हार्मोनियम उघडलीच नाही.

“संबंध तोडा! आपल्याकडे तशी सोय आहे ना, मीनल?”

सोय होती. एक बटण दाबलं की ग्वाल्हेरचा अख्खा डबा आमच्यासाठी बंद. तिथलं कोणी आम्हाला दिसणार नाही, आम्ही त्यांना दिसणार नाही. हर्षदभाईंनीही हात वर केला. माझं बोट बटणावर होतं. खरं सांगते, मलाही राग आला होता.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “त्या डब्याचा मालक कोण?”

“अनिकेत म्हणून एक मुलगा आहे.”

“कोणाचा?”

आता हे मला कसं माहीत असणार? पण काकूंनी आडनाव विचारलं, गल्ली विचारली, आणि पाच मिनिटांत नातं काढलं. अनिकेतची आई शालूताई, म्हणजे काकूंच्या मावसबहिणीची सख्खी नणंद. फोन लागला, स्पीकरवर.

“कोण बोललं खिचडीवर?” शालूताईंचा आवाज खोलीत घुमला. “नलिनी, अगं तुमच्या कित्येक बैठका मी तुझ्या फोनवरून इथे बसून ऐकल्यात! माझा जुना फोन ऐकून ऐकूनच खलास झाला. तू ठेव, मी बघते.”

दहा मिनिटांनी ग्वाल्हेरहून अनिकेतचा मजकूर आला : ज्याने लिहिलं त्याला समज दिली आहे. मनापासून माफी. आई म्हणते, माफी मागून झाली की खिचडीची कृती विचारून घे.

सरपोतदारकाकांनी दोनदा वाचलं आणि हार्मोनियमचा भाता सोडला. मोठ्या कंपनीच्या मालकाची आई कोण, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तिथेच सगळा घोटाळा.

*

आणि मग, आम्ही आशा सोडलेली असताना, त्या मोठ्या कंपनीचा मेल आला.

तुमचं खातं परत मिळू शकेल, असं त्यात होतं. सगळी रेकॉर्डिंग परत, मुलतानीसकट. करायचं एवढंच की एका वाक्यापुढे टिचकी मारायची. मुदत तीस दिवस. मग सगळं कायमचं पुसलं जाणार.

मी धावतच तीन मजले चढले. सगळे जमले. हर्षदभाईंनी पेढे आणायला माणूस पिटाळला. काकू म्हणाल्या, “ते वाक्य मराठीत वाच.”

मी वाचलं. “हा आवाज अमुक रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचा आहे हे मला मान्य आहे, आणि मी तो त्यांच्या परवानगीने ऐकत आहे.”

मग मीच म्हणाले, “काकू, शब्द आहेत नुसते. मारा टिचकी. मुलतानी हातात येऊ दे, मग आपण भांडू.” सरपोतदारकाकाही म्हणाले, “वहिनी, वसंताला कळलं तर तो हसेल आणि सोडून देईल.”

काकूंनी माउस माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“त्यांचा आवाज दुसऱ्याचा आहे असं मी लिहून देऊ? आणि मग रोज संध्याकाळी परक्याच्या परवानगीने ऐकत बसू? मला मुलतानी हवाय. तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवाय. पण असा नको.”

“काकू, तीस दिवसांनी तो राहणार नाही,” मी म्हणाले.

“गाणारा राहिला नाही, मीनल. मी आहे ना अजून?”

त्या तीस दिवसांत आम्ही प्रत्येकाने त्यांना एकेकट्याने गाठून विनवलं. मी तर दोनदा. तिसाव्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याकडे जाऊन बसले. काकूंनी सकाळी वाल सोलले, दुपारी झोपल्या, पाच वाजता उठून देवापाशी दिवा लावला. टिचकी मारली नाही. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल आला : आपला मजकूर कायमस्वरूपी हटवण्यात आला आहे.

मला इतका संताप आला होता की मी त्या रात्री सगळी हकिकत डब्यावर लिहिली. मालकीचं वाक्य, काकूंचं उत्तर, सगळं. ते इंदूरला गेलं, तंजावरला गेलं, ग्वाल्हेरला गेलं. लोकांनी खूप लिहिलं. काकूंनी एकच विचारलं, “शुद्धलेखन तपासलंस ना?”

*

आता शेवटचा.

चार दिवसांनी अनिकेतचा फोन आला. त्याने माझं लिखाण आईला वाचून दाखवलं होतं. शालूताईंनी मध्येच थांबवून विचारलं, “मुलतानीचा गुरुवार? त्या दिवशी मी फोनवर होते. नलिनीने फोन लावून मांडीपाशी ठेवला होता.” त्यांच्या त्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. त्यांना ते माहीतही नव्हतं. फोन कपाटात, बॅटरी फुगलेली. अनिकेत तो घेऊन तीन दुकानं फिरला.

गुरुवारी पाचला बोगद्यातून फाइल आली. पहिल्या मिनिटाला मी तिच्या चार प्रती केल्या. एक सरपोतदारकाकांकडे, एक हर्षदभाईंकडे, एक इंदूरला, एक तंजावरला. मग आम्ही बसलो. हर्षदभाई तबल्यापुढे, सरपोतदारकाका हार्मोनियमपुढे, वाद्यं बंद. काकूंनी आत जाऊन कुकर चढवला आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसल्या. डोळे मिटले. मी फाइल लावली.

आवाज फोनवरचा, किरटा. पण वसंतकाकाच. तो कोमल गंधार दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि हे कळायला यंत्र लागत नाही. हर्षदभाईंनी रुमाल तोंडाशी धरला. काकू हलल्या नाहीत.

विलंबित संपत आला होता. काका समेकडे निघाले होते. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली. काका गाता गाता थांबले, आणि अगदी नेहमीच्या सुरात म्हणाले, “नलू, किती झाल्या गं?”

आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी डोळे न उघडता हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

आणि काका पुढे गायला लागले.